विंगेतून पहिला शब्द

आमच्या नाट्यमंडळात प्रत्येक माणसाच्या खात्यावर काहीतरी जमा आहे आणि काहीतरी नावे आहे. मास्तर शाळेत चित्रकला शिकवतात, नाटकं स्वतःच लिहितात आणि स्वतःच बसवतात. जमेला त्यांची चिकाटी, नावे त्यांची नाटकं. डॉक्टर दातांचे. आवाज खणखणीत, पाठांतर चोख, फक्त रंगमंचावर समोरच्याशी बोलताना त्याची दाढ बघायला आल्यासारखे वाकतात. मी खजिनदार. मला अभिनय येत नाही हे फार पूर्वी एकमताने ठरलं, त्यामुळे मंडळातली विश्वासाची सगळी कामं माझ्या गळ्यात पडली. तिकिटं, चहा, सभागृहाच्या किल्ल्या, आणि प्रयोगाच्या दिवशी पडद्याची दोरी.

आणि घड्याळजी. बाजाराच्या कोपऱ्यावर त्याचं घड्याळदुरुस्तीचं दुकान आहे, दोन माणसं आत शिरली की तिसऱ्याने बाहेर उभं राहायचं. हा आमचा नायक. त्याच्या खात्यावर एकच गोष्ट जमा होती, पण ती एवढी मोठी की बाकीचा हिशेब कोणी विचारलाच नाही. ती म्हणजे त्याचं थांबणं.

वाक्याच्या तोंडाशी येऊन तो थांबायचा. उजवा खांदा किंचित खाली यायचा, मान डावीकडे वळायची, आणि सगळं सभागृह श्वास धरून बसायचं. मग शब्द यायचा, असा की जणू काळजातून खणून काढलाय. एकदा इथल्या वर्तमानपत्राने छापलं होतं, ‘या नटाचं मौनही बोलतं.’ ते कात्रण त्याने दुकानात काचेखाली लावलं आहे. आम्ही विंगेतली माणसं दुकानात गेलो की त्या कात्रणाकडे बघायचो, पण एकमेकांकडे बघायचं टाळायचो. कारण घड्याळजीला वाक्यं पाठ नसायची. कधीच नसायची. तो थांबायचा, कारण पुढे काय आहे याचा त्याला पत्ता नसायचा. आणि मान डावीकडे वळायची, कारण डाव्या विंगेत वहिनी बसलेल्या असायच्या.

वहिनी म्हणजे त्याची बायको. मंडळातल्या लहानथोर सगळ्यांच्या त्या वहिनीच. आमच्या तालमी शाळेतल्या चित्रकलेच्या वर्गात होतात. तिथलं एक उंच स्टूल, त्यावर त्यांनी घरून आणलेली उशी, आणि मांडीवर संहिता. त्या स्टुलावर दुसरं कोणी बसत नसे. प्रॉम्प्टिंगची त्यांची रीत होती. सबंध वाक्य कधी द्यायच्या नाहीत, फक्त पहिला शब्द.

“अख्खं वाक्य दिलं की माणूस पोपट होतो,” असं त्यांचं म्हणणं. “पहिला शब्द दिला की त्याला वाटतं, आपलं आपल्यालाच आठवलं. वाटू दे. आपलं काय जातंय?”

तो पहिला शब्द त्या त्याच्या खांद्याकडे बघून द्यायच्या. खांदा उतरायला लागला की शब्द निघालाच. इतका हलका, की शेजारी दोरी धरून उभ्या असलेल्या मलाही कधी ऐकू यायचा, कधी नाही. प्रयोगाच्या दिवशी मात्र आवाज एक पट्टी वर. पंखे असतात, खोकणारे असतात, म्हणायच्या.

संहितेच्या बाबतीत त्या फार कडक. डॉक्टरांनी एकदा ‘या, बसा’ऐवजी ‘या ना, बसा ना’ म्हटलं, तर तालीम थांबली.

“लिहिलंय ते बोला, डॉक्टर.”

“अहो वहिनी, अर्थ तोच आहे.”

“मग लिहिलेलंच बोलायला काय झालं?”

मास्तर मध्ये पडले. “असू द्या हो वहिनी, मीच लिहिलंय ते. मला चालेल.”

“तुम्ही लिहिलं तेव्हा तुमचं होतं. आता माझ्या मांडीवर आहे.”

घरीही त्यांचं असंच चालायचं. दुकानामागेच घर. घड्याळजी डोळ्याला भिंग लावून आतल्या दिशेला हाक मारायचा, “अगं, ते हे कुठे ठेवलंस, ते आपलं...” आणि आतून यायचं, “चिमटा. डाव्या खणात.” समोर मी बसलेलो असलो तरी त्याच्या अर्ध्या वाक्यांचे शेवट आतूनच यायचे. बापडा उभ्या आयुष्यात एक वाक्य स्वतःचं स्वतः पुरं करून मोकळा झाला असेल तर मला माहीत नाही. आणि याची दोघांनाही काही अडचण नव्हती.

मास्तरांचं नवं नाटक न्यायाधीशाचं होतं. एक निवृत्त न्यायाधीश, आपण चुकून शिक्षा दिलेल्या माणसाच्या घरी जातो. न्यायाधीश अर्थात घड्याळजी. शिक्षा भोगून आलेला माणूस म्हणजे डॉक्टर. तालमी सुरू झाल्या आणि थोड्याच दिवसांत, एका सकाळी, वहिनी स्वयंपाकघरात भांडी पुसता पुसता खाली बसल्या आणि त्यांना उठता येईना.

इस्पितळातून त्या घरी आल्या तेव्हा उजवा पाय ओढत होता, हातात काठी होती. ते सगळं सुधारेल, असं इस्पितळातले म्हणाले. बोलणं मात्र गेलं होतं. गेलं म्हणजे पुरतं नाही. एक शब्द मागे राहिला होता. छत्री.

पाणी हवं असलं तरी छत्री, खिडकी लावायची असली तरी छत्री. मी भेटायला गेलो तेव्हा मला बघून हसल्या आणि म्हणाल्या, “छत्री, छत्री!” म्हणजे बसा, चहा घ्या. हे कळायला मला अडचण पडली नाही, कारण सूर त्यांचाच होता. परगावी नोकरी करणारी त्यांची लेक रजा काढून आली होती. तिने डॉक्टरांना विचारलं होतं की हाच शब्द का. मेंदूचे डॉक्टर, आमचे नव्हेत. ते म्हणाले होते की कारण शोधत बसू नका, कुणाकडे शिवी उरते, कुणाकडे देवाचं नाव. आत सगळं शाबूत आहे. ऐकलेलं कळतं, वाचलेलं कळतं. बाहेर यायची वाट तेवढी बंद आहे.

“उघडेल का?” घड्याळजीने विचारलं होतं.

त्यावर ते म्हणाले होते, बघू. आयुष्यभर दुसऱ्यांच्या बंद पडलेल्या वस्तू तपासून ‘बघू’ म्हणत आलेला माणूस तो. त्या शब्दाचा अर्थ त्याला कोणी समजावून सांगायला नको होता.

चित्रकलेच्या वर्गात बैठक झाली. विषय एकच, आणि तो काढायला कोणी तयार नाही. शेवटी मास्तर खडूशी खेळत म्हणाले, “प्रॉम्प्टिंगचं काहीतरी बघावं लागेल.”

“आता कानात घालायची यंत्रं मिळतात,” डॉक्टर म्हणाले. “एवढीशी असतात. मी आतून मोबाइलवरून वाक्यं सांगत जाईन.”

“तुम्ही माझ्यासमोर रंगमंचावर असणार,” घड्याळजी म्हणाला. “मोबाइलवर कसे बोलणार?”

“तेही खरंच.”

“आणि प्रॉम्प्टर आहे की आपल्याला.”

 नळ गळत होता तेवढाच आवाज.

“ती येईल,” घड्याळजी म्हणाला. “रोज संहिता घेऊन बसते. ओळीवर बोट ठेवून सगळं वाचते. चुकत नाही. मान डोलावून सांगते मला. तिला नको म्हणून कोण सांगणार आहे? मी नाही सांगणार.”

त्याने एकेकाकडे पाहिलं. मास्तरांनी खडू खाली ठेवला. डॉक्टरांना अचानक चष्मा पुसायचा होता. मला बघून तो थांबला, मान जराशी डावीकडे वळली. तिथे भिंत होती.

“येऊ देत ना,” मी म्हणालो. “त्यांचंच स्टूल आहे.”

लगेच सगळ्यांनी माना डोलावल्या. याला आम्ही माणुसकी म्हटलं. खरं सांगायचं तर नाही म्हणायचं ओझं कोणालाच उचलायचं नव्हतं आणि हो फुकटात पडत होतं. आमच्या मंडळात मोठे निर्णय असेच होतात.

दोन दिवसांनी लेक माझ्याकडे आली.

“काका, एक सांगायचंय. पण आईपर्यंत जायला नको.”

“बोल.”

“बाबांनी पाठ केलंय. नाटक.”

“कोणाचं काम?”

“स्वतःचं हो! सगळं. पहिल्यापासून शेवटपर्यंत. आई दुपारी झोपली की मी दुकानात वाक्यं घेते त्यांची. घड्याळं उघडी टाकून बसतात. एक ओळ म्हणून कपाळावर हात मारून घेतात, परत म्हणतात. शाळेतल्या पोरासारखे रडकुंडीला येतात. पण झालंय पाठ.”

“मग अडलंय कुठे? वहिनींना आनंदच होईल.”

ती माझ्याकडे अशी बघत राहिली, की आपण खजिनदार आहोत, एवढा साधा हिशेब आपल्याला जमू नये याची मला लाज वाटली.

“काका, बाबा थांबणार आहेत. नेहमीच्या जागी. आई ओठ हलवेल, आवाज येवो न येवो. मग बाबा बोलणार. तिला वाटलं पाहिजे की तिनेच दिला शब्द.”

तर हे असं होतं. ज्या माणसाने आयुष्यात एक ओळ पाठ केली नाही, त्याने अख्खं नाटक पाठ केलं, ते पाठ नाही असं दाखवता यावं म्हणून.

आणि ते साधलं. त्यानंतरच्या पहिल्या तालमीला वहिनी लेकीच्या आणि काठीच्या आधाराने आल्या. स्टुलावर चढवताना लेकीचे आणि माझे हात लागले, पण एकदा बसल्यावर त्यांनी उशी सारखी केली, संहिता मांडीवर उघडली आणि आम्हा सगळ्यांकडे असं पाहिलं, की डॉक्टरांनी आपली वाक्यं पुन्हा एकदा मनात म्हणून घेतली असावीत. घड्याळजी बोलत आला, थांबला. खांदा उतरला. वहिनींचे ओठ हलले. आवाज नाही, नुसता श्वास. घड्याळजीने शब्द उचलला आणि पुढे गेला.

वहिनींचा चेहरा कसा झाला ते मला लिहिता येणार नाही. त्यांनी ओळीवरचं बोट पुढे सरकवलं, अगदी पूर्वीसारखं.

दुसऱ्यांदाही तसंच झालं, तिसऱ्यांदाही. चहाच्या वेळी त्यांनी घड्याळजीच्या दंडावर चापट मारली, “छत्री!” म्हणजे, अजूनही पाठ करत नाहीस ना! तो कानाला हात लावून म्हणाला, “काय करू, तू आहेस म्हणून आळस होतो.” त्या इतक्या हसल्या की ओढणीचं टोक तोंडाला लावावं लागलं.

डॉक्टर माझ्या शेजारी कप घेऊन उभे होते. त्यांना कोणी काही सांगितलं नव्हतं, पण समोर उभं राहून काम करणाऱ्यापासून काय लपतं? हळूच म्हणाले, “खजिनदार, हा माणूस आयुष्यात पहिल्यांदाच अभिनय करतोय.”

प्रयोग रविवारी दुपारी होता. सभागृह भरलं होतं. पंखे घरघरत होते, पुढच्या रांगेत कोणीतरी मनापासून खोकत होतं. वहिनी डाव्या विंगेत स्टुलावर, मी त्यांच्याशेजारी दोरीपाशी. लेक प्रेक्षकांत बसली होती. मास्तर पलीकडच्या विंगेत नखं खात होते.

पहिला अंक सुरेख झाला. घड्याळजी थांबला, सभागृह थांबलं, वहिनींचे ओठ हलले, शब्द आला. एका थांबण्याला तर टाळी पडली. वहिनींनी माझ्याकडे बघून भुवई उडवली. त्या टाळीत आपला वाटा किती हे त्यांना नेहमीच माहीत असायचं.

दुसऱ्या अंकात न्यायाधीश त्या माणसाच्या दारात येतो. डॉक्टरांनी दार उघडलं. घड्याळजी आत आला, खोलीभर नजर फिरवली आणि थांबला. हे सगळ्यात मोठं थांबणं होतं. पुढचं वाक्य, ‘माफी मागायला आलो नाही मी.’ वहिनींचं बोट ‘माफी’ या शब्दावर होतं, मला दिसत होतं. पंखे घरघरत होते. खोकणाऱ्याला उबळ आली. आणि वहिनींना वाटलं असावं की श्वास पोचणार नाही. प्रयोगाच्या दिवशी आवाज एक पट्टी वर, ही त्यांची सवय. त्यांनी मान पुढे केली आणि शब्द दिला.

“छत्री!”

स्पष्ट. खणखणीत. मागच्या रांगेपर्यंत.

कोणीतरी फिसकन हसलं. मग आणखी दोघं-तिघं.

माझे हात दोरीवर होते. पडदा टाकावा तर त्यांना कळणार की त्यांच्यामुळे टाकला. न टाकावा तर तो तिथे उघडा उभा. मी काहीच केलं नाही. पलीकडून मास्तर तोंडाचा चंबू करून ‘माफी, माफी’ म्हणत होते, जणू घड्याळजीला ते ठाऊकच नव्हतं.

घड्याळजीने विंगेकडे पाहिलं. मग मान वळवून, न्यायाधीशाच्याच आवाजात, सावकाश म्हणाला, “छत्री... छत्री बाहेरच राहिली माझी.”

डॉक्टर एक क्षण गोंधळले. पण माझ्या मनात त्यांच्या नावे असलेलं सगळं मी त्या घटकेला माफ केलं. ते म्हणाले, “असू द्या. कोणी नेत नाही. या, बसा.”

हसणं विरलं. लोकांना वाटलं, आतून कोणीतरी वेळेवर आठवण करून दिली, नाटकातलंच असेल काही. घड्याळजी बसला, गुडघ्यांवर हात ठेवले आणि म्हणाला, “माफी मागायला आलो नाही मी.” आणि गाडी रुळावर आली. मी वहिनींकडे वळलो. म्हणावं, बघा, सांभाळलं की नाही!

वहिनी संहितेत शोधत होत्या. बोट वरच्या ओळीवरून खालच्या ओळीवर, परत वर. त्यांनी पान मागे उलटलं, पुढे उलटलं. त्या नाटकातला शब्द न् शब्द त्यांना ठाऊक होता. तिथे छत्री कुठेच नव्हती. मग बोट परत ‘माफी’वर येऊन थांबलं. तो शब्द त्यांनी दिला नव्हता. दिलाच नव्हता, तरी तो आला होता, मागोमाग सबंध वाक्य आलं होतं, आणि आता त्याच्या पुढचंही येत होतं.

त्यांनी रंगमंचाकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. चिमटा हरवला की तो सापडेपर्यंत त्या जशा बघायच्या तसं. मग संहिता मिटली आणि माझ्यापुढे धरली.

“वहिनी, राहू द्या,” मी कुजबुजलो. “अजून अख्खा अंक बाकी आहे.”

त्यांनी ती आणखी पुढे केली. माझा एक हात दोरीवर होता. दुसऱ्या हाताने मी ती घेतली. न घेऊन काय करणार होतो?

थोड्या वेळाने नेहमीची जागा आली. घड्याळजी थांबला. खांदा उतरला, मान डावीकडे वळली. वहिनी मोकळे हात मांडीवर ठेवून जमिनीकडे बघत होत्या. ओठ हलले नाहीत. तो वाट बघत राहिला. सभागृहही वाट बघत राहिलं, मोठ्या कौतुकाने. मी नाइलाजाने संहिता उघडली, पण मला पानही सापडेना. आणि सापडून उपयोग काय होता? त्याला वाक्य नको होतं, वाक्य त्याच्याकडे होतं.

शेवटी तो बोलला. आणि त्यानंतर तो कुठेच थांबला नाही. न्यायाधीशाचं उरलेलं सगळं काम त्याने एका दमात म्हणून टाकलं, एकही शब्द न चुकवता, सरकारी सूचना वाचून दाखवावी तसं. डॉक्टरांना त्याच्यामागे पळावं लागलं. नाटक ठरल्यापेक्षा बरंच आधी संपलं. मी पडदा पाडला, आणि पाडताना पहिल्यांदाच वाटलं की हे काम तरी मला येतं.

मागे लोक भेटायला आले. “वा, पाठांतर काय चोख! एक शब्द इकडचा तिकडे नाही!” असं म्हणत त्याचा हात हलवत होते. वहिनी जवळच खुर्चीवर बसल्या होत्या. प्रत्येकाचं ऐकत होत्या. एक गृहस्थ जरा नाराजीने म्हणाले, “शेवटी शेवटी तुमचं ते थांबणं नव्हतं, चुकल्यासारखं वाटलं.” तेही त्यांनी ऐकलं.

गर्दी सरल्यावर घड्याळजी त्यांच्यासमोर उकिडवा बसला. न्यायाधीशाच्या खोट्या दाढीचा डिंक हनुवटीवर तसाच होता.

“अगं, ऐक. मी काही तुला...” तो म्हणाला आणि थांबला.

हे थांबणं खरं होतं. आम्ही सगळे ओळखीचे होतो, फरक आम्हाला कळला. त्याने वहिनींच्या तोंडाकडे पाहिलं. वहिनींनीही त्याच्याकडे पाहिलं. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी हात पुढे करून त्याच्या हनुवटीवरचा डिंक नखाने सोलायला सुरुवात केली, डाव्या हाताने, जमेल तसा. पण तोंड उघडलं नाही. तो एक शब्द होता त्यांच्याकडे, तोही दिला नाही.

संहिता माझ्याकडेच राहिली. मध्ये एकदा मी ती घेऊन दुकानात गेलो. वहिनी आतल्या दारापाशी खुर्चीवर बसल्या होत्या. लेक परत गेली आहे. मास्तरांनी नवं नाटक काढलंय, त्यात घड्याळजी नाही. त्याने कळवलं की डोळे दुखतात. डोळ्यांचा आणि नाटकाचा काय संबंध, असं कोणी विचारलं नाही. मी संहिता वहिनींसमोर धरली. त्यांनी ती घेतली, खुर्चीखाली ठेवली आणि रस्त्याकडे बघू लागल्या. बोलणं शिकवायला एक बाई येतात म्हणे. घड्याळजी म्हणाला, त्या बाईंसमोर तर हिने छत्रीसुद्धा म्हटलं नाही.

तेवढ्यात एक गिऱ्हाईक आलं, मनगटी घड्याळ घ्यायला. घड्याळजीने भिंग कपाळावर सरकवलं.

“झालंय तुमचं. फक्त याचा तो... ते आपलं हे...”

त्याची मान आतल्या दाराकडे वळली. वहिनी रस्त्याकडे बघत होत्या, पण डाव्या हाताची बोटं काठीच्या मुठीवर घट्ट झाली. शब्द त्यांना ठाऊक होता. मलाही ठाऊक होता. पण तो मी दिला असता तर कोणाच्या जागेवरून दिला असता?

घड्याळजी वाट बघत राहिला. गिऱ्हाइकाला घाई होती.

“पट्टा?” गिऱ्हाइकानेच विचारलं.

“हो,” घड्याळजी म्हणाला. “पट्टा. बदलायला झालाय.”